उदबत्तींतील ऊद

सुगंधाच्या बाबतींत आपली भाषा आपल्यापेक्षां अधिक उदार आहे. ‘अत्तर’ हा शब्द अरबींतील ‘इत्र’ या शब्दापासून आला. ‘गुलाब’ फारसींतून आला. आणि रोज सायंकाळीं आपण देवापुढें जी उदबत्ती लावतों, तिच्या नांवांतील ‘ऊद’ हाही मूळचा अरबीच. अरबींत ऊद म्हणजे नुसतें लांकूड. परंतु सुगंधाच्या व्यापारांत त्याचा अर्थ एकच, तो म्हणजे अगरूचें लांकूड. मराठींत पुढें लोबानासारख्या धुपालाही ऊद म्हणूं लागले, आणि मूळ वस्तु विस्मरणांत गेली. अरबी अत्तरें म्हणजे उग्र, आपल्या घरांत तीं शोभावयाचीं नाहींत, असें ज्या घरांतून सहजपणें म्हटलें जातें, त्या घरांनीं एवढा एक शब्द तरी उलगडून पाहावा, अशी आमची विनंति आहे.

हा विषय आज काढण्याचें कारण असें कीं, एके काळीं अरबी गंधांना नाक मुरडणारा यूरोपही आतां त्यांच्या नादीं लागला आहे. पॅरिसच्या ईव्ह सें लोराँ या पेढीनें 2002 सालीं ‘एम सेव्हन’ नांवाचें ऊदाच्या गंधाचें अत्तर पुरुषांसाठीं काढलें, तेव्हां तें फारसें खपलें नाहीं. परंतु 2007 सालीं टॉम फोर्ड यांचें ‘ऊद वुड’ आलें, आणि पुढें बहुतेक प्रत्येक मोठ्या पेढीला ऊदाची एक तरी कुपी काढावी लागली. ओमानचे सुलतान काबूस यांच्या इच्छेनें 1983 सालीं स्थापन झालेल्या ‘अमुआज’ या पेढीनें तर धोफारचा धूप व गुलाब यांना फ्रेंच कारागिरीची जोड देऊन जगाची बाजारपेठ गांठली.

हें आकर्षण केवळ नावीन्याचें नाहीं. पाश्चात्त्य अत्तर बहुधा मद्यार्कांत विरघळविलेलें असतें. तें अंगावर पडतांच दरवळतें आणि त्याचा पहिला बहर लवकर ओसरतो. अरबी पद्धतीचें अत्तर तेलाचें. त्याचा एक थेंब मनगटावर लावला तर तो देहाच्या उबेनें हळूहळू उमलतो व तासन् तास टिकतो. शिवाय तेथें एका गंधावर दुसरा चढविण्याची रीत आहे. आधीं निखाऱ्यावर ऊद जाळून वस्त्रें व केस धुपवावयाचे, मग त्यांवर गुलाबाचा किंवा कस्तुरीचा हात फिरवावयाचा. ही विद्या जुनी आहे. नवव्या शतकांतील अल-किंदी या बगदादच्या पंडितानें अत्तरें व ऊर्ध्वपातन यांवर स्वतंत्र ग्रंथ रचला असून त्यांत शंभराहून अधिक कृति आहेत.

परंतु ज्या अगरूवर अरबांचा एवढा जीव, तो अरबस्तानांत उगवत नाहीं. तो आपल्या आसामांत आणि त्यापलीकडे पूर्वेच्या अरण्यांत होतो. ‘रघुवंशां’त रघु लौहित्या नदी उतरून प्राग्ज्योतिषावर चालून जातो, तेव्हां त्याच्या हत्तींच्या साखळ्यांनीं थरारतात तीं झाडें काळ्या अगरूचींच, आणि ‘ऋतुसंहारां’तील स्त्रिया हेमंतांत त्याच्याच धुरानें आपले केस सुगंधित करतात. आसामचा अगरू पुढें मुंबईच्या अत्तरवाल्यांच्या हातून आखाताकडे जात राहिला. त्या देशांतील पेढ्यांवर ऊदाचें तेल आजही ‘तोळ्या’वर विकलें जातें, ही त्या जुन्या व्यवहाराची खूण होय. तेव्हां ज्याला आपण परका गंध म्हणतों, तो माहेरचीच वस्तु सासरीं नांवारूपाला आल्यासारखा आहे.

या नांवलौकिकाची किंमत मात्र झाडानें मोजली. अगरूचें निरोगी लांकूड फिकट, हलकें व जवळजवळ गंधहीन असतें. किड्यानें खोडाला भोंक पाडलें, त्यांत बुरशी शिरली, कीं झाड स्वसंरक्षणार्थ एक काळसर राळ निर्माण करतें, तोच ऊद. प्रत्येक झाडांत तो होत नाहीं, आणि बाहेरून खात्रीनें कळतही नाहीं. त्यामुळें लोभापायीं सरसकट झाडें तोडलीं गेलीं. आसामांतील अगरूची जात 1995 पासून, व 2005 पासून अगरूच्या साऱ्याच जाति, आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधाखालीं आल्या आहेत. आसामांतील अनेक कुटुंबें परसांत अगरू लावतात, हीच त्यांतल्या त्यांत आशेची गोष्ट.

यावर कोणी म्हणतील कीं, बाजारांतील ऊदाच्या कुप्यांत बहुधा रसायनशाळेंतलाच गंध असतो, मग त्याचें कौतुक कशाला? आम्हांस तसें वाटत नाहीं. आल्बर्ट बाउर या रसायनज्ञाला 1888 सालीं कृत्रिम कस्तुरीचा शोध लागला, तेव्हांपासून मृगाला न मारतां तसा गंध मिळूं लागला. एक झाड किंवा एक मुका जीव वांचत असेल, तर आपल्या नाकानें थोडी तडजोड करण्यांत कमीपणा कसला?

खरी हानि निराळीच आहे. आखाती देशांत ऊद हें प्रथम आतिथ्य आहे. भोजन, गप्पागोष्टी आटोपल्या कीं यजमान धुमसती धूपदाणी पाहुण्यांतून फिरवितो. प्रत्येक जण तिचा धूर वस्त्रांवर घेतो आणि निरोप घेतो. ऊद आल्यावर बसून राहणें तेथें शिष्टाचाराला धरून नाहीं. आपल्याकडील अत्तर-गुलाब व पानसुपारी याच जातीचीं. तेथें गंध दुसऱ्याला द्यावयाचा असतो. आधुनिक कुपीनें मात्र तो स्वतःपुरता करून टाकला. आपण चारचौघांत उठून कसे दिसूं, एवढाच तिचा विचार. द्रव्य अरबांचें घेतलें, त्यामागचें मन घेतलें नाहीं. आणि आपल्याच घरांतील अत्तरदाणी व गुलाबदाणी कपाटांत काळवंडत पडल्या असतील, तर यूरोपला नांवें ठेवण्याचा अधिकार आपणांस तरी कोठें उरला?

म्हणून एवढेंच सुचवितों: येत्या हळदीकुंकवाला किंवा मुंजीला घरांतील गुलाबदाणी घासूनपुसून बाहेर काढावी, एखादें बरें अत्तर आणावें, आणि तें आलेल्यांच्या मनगटावर घरांतील लहान मुलीच्या हातून लावावें. तें कनोजचें असो वा अरबी, याचा विचार करूं नये. कोणाच्या घरीं आपलें स्वागत कसें झालें, हें माणूस पक्वान्नांची नांवें विसरल्यावरही विसरत नाहीं. आणि ती आठवण पुष्कळदां गंधाच्या वाटेनेंच परत येते.