सर्व्हो मोटरला ‘साकु’ कसे कळते?

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस जवळ आले, की घरोघरी धावपळ सुरू होते. बाजारात तयार मॉडेल मिळते. पैसे दिले, की काम झाले. मूल ते टेबलावर मांडून उभे राहते. परीक्षकांनी ‘हे चालते कसे?’ असे विचारले, की पाठ केलेली चार वाक्ये म्हणून होतात आणि पुढे सगळे गप्प! मग बक्षीस मिळाले तरी मुलाच्या हाती काय लागले?

म्हणून घरीच करता येईल असे रेल्वे फाटकाचे मॉडेल पाहू. ‘पहिले गेट, दुसरे गेट’ असे पत्ते सांगणाऱ्या बेळगावकरांना फाटक म्हणजे काय ते सांगायला नकोच.

फाटकाचा दांडा हलवायला छोटी सर्व्हो मोटर लागते. एसजी ९० नावाची निळी मोटर जेमतेम ९ ग्रॅम वजनाची असते. साधी मोटर सेलला जोडली, की गरगर फिरत राहते. सर्व्हो मात्र सांगितलेल्या कोनात जाऊन थांबते. तिला हे कसे कळते?

गाडी मागे घेताना कोणीतरी मागे उभे राहून सांगते, “इन्नू स्वल्प... इन्नू स्वल्प... साकु!” सर्व्होच्या पोटात हेच चालते. आत छोटी मोटर, दातेरी चाके आणि रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तसा एक पॉट असतो. दांडा फिरला, की पॉटही फिरतो आणि दांडा कुठे आहे ते आतल्या सर्किटला कळते. बाहेरून आलेला हुकूम आणि दांड्याची जागा यांत फरक असेल तोवर मोटर फिरते. फरक संपला, की ‘साकु’!

हा हुकूम व्होल्टेज कमी-जास्त करून देत नाहीत, वेळेने देतात. दर २० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला ५० वेळा, विजेचा एक छोटा ठोका पाठवायचा. ठोका दीड मिलिसेकंदाचा असेल तर दांडा मध्यावर येतो. एक मिलिसेकंदाचा असेल तर एका बाजूला जातो आणि दोनचा असेल तर दुसऱ्या.

असे ठोके देण्यासाठी कॉम्प्युटर लागत नाही. ५५५ ही काही रुपयांची आयसी पुरते. हॅन्स कॅमेनझिंड यांनी ती सिग्नेटिक्स कंपनीसाठी तयार केली आणि १९७२ मध्ये ती बाजारात आली. ती आजही सर्रास मिळते.

जोडणी ब्रेडबोर्डवर करा. आयसीच्या ८ आणि ७ या पायांमध्ये २२० किलो-ओहमचा रेझिस्टर लावा. ७ आणि ६ मध्ये १५ किलो-ओहमचा रेझिस्टर आणि १० किलो-ओहमचा पॉट एकापुढे एक जोडा. २ आणि ६ हे पाय एकमेकांना जोडा. २ आणि १ मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, तर ५ आणि १ मध्ये ०.०१ मायक्रोफॅरडचा. ४ आणि ८ पॉझिटिव्हला, १ निगेटिव्हला.

३ नंबरच्या पायावर मिळणारा ठोका आपल्याला हवा त्याच्या उलटा असतो. तो सुलटा करायला बीसी ५४७ ट्रान्झिस्टर घ्या. ३ नंबरपासून १० किलो-ओहममधून बेसला, एमिटर निगेटिव्हला आणि कलेक्टर ४.७ किलो-ओहममधून पॉझिटिव्हला जोडा. सर्व्होची नारिंगी तार कलेक्टरला, लाल पॉझिटिव्हला आणि तपकिरी निगेटिव्हला जाते.

गणितही मुलाकडूनच करून घ्या. ०.६९३ गुणिले रेझिस्टर गुणिले कपॅसिटर म्हणजे ठोक्याची लांबी. १५ किलो-ओहमला सुमारे १.०४ मिलिसेकंद येतात, २५ किलो-ओहमला १.७३. पॉट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, की दांडा साधारण ६० अंश वर जातो.

दोन-तीन पथ्ये पाळा. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी लावू नका, तिचे व्होल्टेज या सर्व्होला जास्त होते. चार्ज होणारे चार पेन्सिल सेल घ्या, त्यांचे ४.८ व्होल्ट होतात. मोटर सुरू होताना ओढ एकदम वाढते, म्हणून सेलच्या दोन टोकांना ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. त्याचे प्लस-मायनस चुकू देऊ नका. दांडा हाताने जोरात फिरवू नका, आतले प्लॅस्टिकचे दाते तुटतात.

फाटक चालू लागले, की दांड्याला बोटाने अगदी हलके ढकलून पाहायला सांगा. मोटर जागा धरून ठेवते, उलट जोर लावते. असे का होते, ते मुलाने आधी अज्जीला मराठीत सांगावे, मग शेजारच्या मित्राला कन्नडमध्ये. दोन्हीकडे न अडखळता सांगता आले, की तयारी झाली असे समजा. मग परीक्षकांनी कोणत्याही भाषेत विचारू दे.