अभिमान आणि करार

प्रादेशिक अस्मिता, म्हणजे आपल्या मुलखाशी आणि तिथल्या भाषेशी माणसाने जोडलेले नाते, सरत्या वर्षात महाराष्ट्रात पुन्हा ऐरणीवर आली. पहिलीपासून हिंदी शिकवण्याचे शासननिर्णय जून 2025 च्या अखेरीस मागे घ्यावे लागले, 5 जुलैला मुंबईत विजयमेळावा झाला आणि त्याचे समाधान विदर्भातील वऱ्हाडालाही वाटले. ऑगस्टमध्ये मात्र केंद्राने कापसावरील 11 टक्के आयातशुल्क तात्पुरते उठवले आणि पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, बोंडे धरत असतानाच अकोट परिसरातील शेतकऱ्याला भाव पडण्याची धास्ती लागली, तेव्हा तसा आवाज राज्यभरातून उठला नाही. भाषेसाठी सारा महाराष्ट्र एक आणि कापसासाठी वऱ्हाड एकटे, ही विसंगती सलणारी आहे.

वऱ्हाडाचे मराठीपण उसने नाही. अकोटच्या उत्तरेचा नरनाळा ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार, म्हणजे महसुली विभाग, म्हणून नोंदलेला आहे, पुढे 1853 मध्ये हा प्रदेश निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला, तरी भाषा टिकली. ‘लीळाचरित्र’ हा मराठीचा आद्य चरित्रग्रंथ वऱ्हाडातल्याच रिद्धपुरात सिद्ध झाला. ‘बहु असोत सुंदर’ हे महाराष्ट्रगीत लिहिणाऱ्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी वकिली केली ती वऱ्हाडात, आणि 2023 मध्ये राज्यगीत ठरलेल्या ‘जय जय महाराष्ट्र माझा’चे कवी राजा बढे शेजारच्या नागपूरचे. ज्या वऱ्हाड-नागपूर मुलखाने महाराष्ट्राला त्याची गीते दिली, त्याच्याकडे निष्ठेचा दाखला मागणे अन्यायाचे आहे.

हा मुलूख महाराष्ट्रात आला तो लेखी शब्दावर. 8 ऑगस्ट 1947 च्या अकोला कराराने संयुक्त महाराष्ट्राच्या प्रांतात महाविदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र असे दोन उपप्रांत कल्पिले होते. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर कराराने लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्यांत वाटा आणि दरवर्षी नागपुरात विधिमंडळाचे अधिवेशन ही हमी दिली. अधिवेशन भरते, पण खर्चाचे प्रमाण पाळले गेले नाही, म्हणूनच अनुशेष, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या मानाने राहून गेलेला विकास, मोजण्यासाठी दांडेकर समिती नेमावी लागली. त्यानंतर 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. त्यांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली आणि ती वाढवली गेली नाही.

नागपूर कराराच्या या हमीचा हिशेब मागणाऱ्याला फुटीर म्हणण्याची रीत आता थांबली पाहिजे, कारण करार आठवून देणारा माणूस राज्य मोडत नसतो, ते ज्या पायावर उभे राहिले तो पाया तो जपत असतो. वऱ्हाडी असणे आणि महाराष्ट्रीय असणे यांत वैर नाही. वैर आहे ते केवळ घोषणेपुरत्या अभिमानाशी. याच विचाराने यंदाच्या दिवाळी अंकातील लेखन निवडले आहे. वाचकांनी ते वाचावे आणि पुढच्या 1 मे रोजी राज्यगीत गाताना नागपूर कराराची अंमलबजावणी आपल्या आमदाराकडे मागावी, एवढीच विनंती.