भावाचा वाद आणि ताळेबंद

सट्ट्याचें वेड आपल्या प्रांतास नवें नाहीं. अमेरिकेंतील यादवी युद्ध 1865 सालीं संपलें, कापसाचा भाव उतरला, आणि बॅक बे कंपनीच्या शेअरांवर भाळलेल्या मुंबईंत त्याच वर्षीं अनेक पेढ्यांचें दिवाळें निघालें. त्या गोष्टीस दीडशेंहून अधिक वर्षें लोटलीं. परंतु तें वेड मात्र कमी झालें आहे, असें भोसरींतील चित्र पाहून आम्हांस म्हणवत नाहीं.

येथें कारखान्याची पाळी सुटली कीं चहाच्या टपरीवर शेअरांची चर्चा सुरू होते. त्यांतही सुझलॉन या पुण्याच्याच पवनचक्क्यांच्या कंपनीचें नांव निघालें, म्हणजे तत्काळ दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, धरून ठेवा, वारा कधीं संपत नाहीं. दुसरा म्हणतो, हें भोक पडलेलें भांडें आहे. पहिला दुसऱ्यास भित्रा ठरवितो, दुसरा पहिल्यास आंधळा म्हणतो. ताळेबंद मात्र बहुधा कोणींच उघडलेला नसतो. आमचें म्हणणें असें कीं, असल्या वादांत माणूस कंपनीविषयीं बोलत नसून स्वतःच्या खरेदीच्या भावाविषयीं बोलत असतो.

ही कंपनी तुलसी तांती यांनीं 1995 सालीं स्थापिली. 2005 सालीं तिचा शेअर प्रथम लोकांस 510 रुपयांस मिळाला. 2008 च्या जानेवारींत एका शेअराचे पांच झाले. म्हणजे त्या हिशेबानें मूळ किंमत 102 रुपये पडली. त्याच महिन्यांत, नव्या हिशेबानें, भाव 400 रुपयांवर गेला होता. 2020 च्या मार्चांत तोच शेअर 2 रुपयांच्याही खालीं आला, आणि 2024 च्या सप्टेंबरांत पुनः 80 रुपयांपलीकडे गेला. तरी मूळच्या 102 रुपयांस तो तेव्हांही पोंचला नाहीं. ज्यानें 400 रुपयांस घेतला त्याचें तोंड कडू, ज्यानें 2 रुपयांस घेतला त्याचें गोड. दोघेही एकाच कंपनीचे भागीदार. आणि दोघेही आपापल्या नशिबाचा नियम करून जगास शिकवितात!

मग हा चढउतार कशाचा? पुष्कळ अंशीं कर्जाचा. 2006 व 2007 सालीं कंपनीनें परदेशांतील मोठे कारखाने ताब्यांत घेतले व कर्जाचा बोजा वाढविला. पुढें जगांत मंदी आली, आणि 2012 च्या ऑक्टोबरांत 20 कोटींहून अधिक डॉलरांचे रोखे तिला मुदतींत फेडतां आले नाहींत. 2022 सालीं जुन्या भागीदारांस 5 रुपयांस नवे शेअर देऊन 1,200 कोटी रुपये आणि 2023 सालीं मोठ्या संस्थांकडून 2,000 कोटी रुपये तिनें उभारले. कर्ज हलकें झालें, तसा भावही सावरला. हें सारें प्रसिद्ध हिशेबांत कोणासही वाचतां येण्याजोगें होतें.

कोणी म्हणेल, अखेर धीर धरणाराच जिंकला ना? त्यास आमचें उत्तर हें कीं, धीर धरण्याचा हाच उपदेश 400 रुपयांच्या भावासही चालला होता. जो उपदेश शिखरावरही तोच व दरींतही तोच, त्यानें वाट कशी कळावी?

हा वाद नुसत्या करमणुकीचा असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु त्यांत भविष्यनिर्वाह निधींतून काढलेली रक्कम असते, भिशीचा पैसा असतो, मुलीच्या पुढील शिक्षणाची फी असते. टपरीवर हरलेला वाद दुसऱ्या दिवशीं विसरतां येतो. हरलेली फी विसरतां येत नाहीं.

म्हणून, विद्यार्थिमित्रांनो, उद्यां तुम्हीही मिळवते व्हाल तेव्हां बोलणारास प्रथम विचारा कीं, त्यानें तो शेअर केव्हां व किती रुपयांस घेतला. नंतर ताळेबंद उघडून पाहा कीं, कंपनीचें कर्ज किती, फेडीची मुदत कोणती आणि पैसा कोठून येणार. शंका काढणारास वैरी समजूं नका. त्याची शंका खोटी ठरली तर तुमचें कांहीं जात नाहीं, आणि खरी ठरली तर घर वांचतें. गणिताच्या तासास तुम्ही जो हिशेब शिकतां, तो अशाच वेळीं उपयोगीं पडावा म्हणून शिकवावयाचा असतो.