‘टाईट बसवलंय साहेब, काळजी नको!’ याचीच तर काळजी वाटते

गेल्या महिन्यात आईला सोलापूरच्या दवाखान्यातून घेऊन बार्शीला परत येत होतो. वैरागच्या अलीकडे मागचं चाक बसलं. रात्रीचे साडेनऊ. स्टेपनी होती, जॅक होता, गाडीसोबत मिळालेला पानाही होता. पण चार नटांपैकी एकही हलेना. शेवटी पान्यावर उभा राहिलो, तरी हलेना. डोळ्याचं ऑपरेशन झालेली आई मागच्या सीटवरून विचारतेय, "काय रे, निघंना का?"

अर्ध्या तासानं एक ट्रकवाला थांबला. त्यानं लोखंडी पाईप काढला, पान्यात घातला, दोघांनी जोर लावला. तीन नट निघाले, चौथ्याचा स्टडच तुटला. तीन नटांवर हळूहळू गाडी घरी आणली. तो प्रवास विसरणार नाही.

मंडळी, ही चाकं आठच दिवसांपूर्वी आपल्याच गावात काढून बसवली होती. दुसऱ्या दिवशी तिथं गेलो. उत्तर मिळालं, "साहेब, टाईटच बसवलंय ना? सैल राहून चाक निघालं असतं म्हणजे?"

दुकानाचं नाव लिहिणार नाही, कारण हे उत्तर एका दुकानाचं नाही. गावात दहा ठिकाणी विचारा, नऊ ठिकाणी हेच ऐकाल. आणि हे उत्तर चुकीचं आहे.

नट आवळतो म्हणजे नेमकं काय होतं? बोल्ट किंवा स्टड किंचित ताणला जातो, स्प्रिंगसारखा. तो मागे यायला बघतो, त्या ओढीनं चाक धरलं जातं. कमी आवळला तर ओढ कमी, चाक हलतं, नट सैल होत जातो. मर्यादेबाहेर आवळला तर लोखंड कायमचं लांबतं, आटे खराब होतात, स्टड कमजोर होतो. म्हणजे जास्त घट्ट म्हणजे जास्त सुरक्षित असं नाही. सैल नट जसा धोक्याचा, तसाच ताणून मेलेला स्टडही धोक्याचा.

म्हणून कंपनी प्रत्येक गाडीच्या पुस्तकात आकडा देते. लहान गाड्यांच्या चाकाच्या नटाला तो साधारण 85 ते 110 न्यूटन मीटर असतो. सोप्या भाषेत 100 न्यूटन मीटर म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकाला दहा किलोचा भार. आता हिशोब करा. 60 किलोचा माणूस अर्ध्या मीटरच्या पाईपवर उभा राहिला तर जोर होतो जवळपास 300. म्हणजे पाहिजे त्याच्या तिप्पट! आणि आपल्याकडं हे रोज, अभिमानानं चालतं.

एअर गनचं तर विचारूच नका. टाकीत हवा भरलेली असेल तर गन वाजवीपेक्षा जास्त आवळते, हवा उतरली की तीच गन कमी आवळते. एकाच गाडीचे दोन नट वेगवेगळे. वेडंवाकडं आवळल्यानं ब्रेकच्या डिस्कवर असमान दाब येतो, आणि मग ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतं. मग गिऱ्हाईक त्याच दुकानात येतं आणि डिस्क बदलून घेतं. पैसे कुणाचे गेले?

गन वापरू नका असं म्हणत नाही. नट काढायला वापरा, हलकेच बसवायला वापरा. शेवटचं आवळणं मात्र टॉर्क पान्यानंच झालं पाहिजे. त्यावर आकडा लावायचा, गाडी जॅकवरून उतरवून टायर जमिनीला टेकवायचा, गोल न फिरता समोरासमोरचे नट आवळायचे, ‘टक्’ झालं की थांबायचं. ‘टक्’ झाल्यावर अजून एक झटका देणाऱ्याला पाना घेऊन काही उपयोग नाही. आणि 50 ते 100 किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा तपासायचं.

आता गॅरेजवाले मित्र म्हणतील, "पत्रकार आम्हाला शिकवायला लागला. प्रत्येक नटाला टॉर्क पाना लावत बसलो तर दिवसाला दोन गाड्या होतील." बरोबर आहे. प्रत्येक नटाला लावा असं कुणी म्हणतच नाही. बंपर, मडगार्ड, नंबरप्लेट, कसलीशी पट्टी, तिथं हातच पुरतो. पण जिथं चूक झाली तर माणूस मरतो किंवा इंजिन मरतं, तिथं पाहिजेच. चाकाचे नट, ब्रेक कॅलिपरचे बोल्ट, सस्पेन्शन आणि स्टेअरिंगचे सांधे, इंजिनचं हेड. हेडच्या बोल्टला तर क्रम ठरलेला असतो, टप्पे ठरलेले असतात, बऱ्याच गाड्यांत आधी टॉर्क आणि मग ठरावीक अंश फिरवायचं असतं. काही बोल्ट एकदा काढले की पुन्हा वापरायचेच नसतात. ते अंदाजानं बसवले की हेड गॅस्केट पुन्हा जातं, आणि खापर फुटतं गॅस्केटच्या क्वालिटीवर. स्पार्क प्लग आणि चेंबरचा ड्रेन बोल्ट हे तर जास्त आवळूनच खराब होतात, कारण बऱ्याच गाड्यांत समोर अॅल्युमिनियम असतं. आटे गेले की शंभर रुपयांच्या कामाचे काही हजार होतात.

दुसरा मुद्दा येतो, "तीस वर्षांचा हात आहे आमचा." त्या हाताचा मला आदर आहे. आवाज ऐकून इंजिनचा आजार सांगणारे मिस्त्री या गावात आहेत. पण सकाळचा हात आणि संध्याकाळचा दमलेला हात सारखा नसतो. शिवाय आवळताना लावलेल्या जोरातला सुमारे नव्वद टक्के भाग घर्षणातच जातो. आट्यांना ऑईल लागलं की घर्षण घटतं, आणि हाताला तेवढंच वाटूनही बोल्ट जास्त ताणला जातो. गंज असेल तर उलटं. हे हाताला कसं कळणार? म्हणून आटे साफ आणि कोरडे पाहिजेत, आणि मोजायला पाना पाहिजे. सोनार तीस वर्षांचा असला तरी तराजू सोडत नाही.

आता सार्वजनिक प्रश्न. परवा बसस्टँडजवळ बघितलं. शाळेची व्हॅन आली, पंक्चर निघालं, गाडी जॅकवर असतानाच गननं गोल फिरत नट आवळले, पाच मिनिटांत व्हॅन गेली. आत मुलं. पाना लावून कुणीही बघितलं नाही. या व्हॅनचं फिटनेस असेलही. पण प्रवासी वाहनाचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी होतं. काल बसवलेल्या चाकाबद्दल तो कागद काय सांगणार?

2011 च्या राज्याच्या स्कूल बस नियमांनुसार शाळेत परिवहन समिती असते. मुख्याध्यापक अध्यक्ष असतात, पालकांचा प्रतिनिधी असतो. या समित्यांनी काय केलं पाहिजे? एक वही ठेवावी. चाक कधी काढलं, कुठं बसवलं, टॉर्क पाना लावला का, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं का. एवढंच. पालकांनो, पुढच्या बैठकीत गॅदरिंगच्या वर्गणीआधी हा विषय काढा. अॅम्ब्युलन्स आणि सरकारी गाड्यांच्या दुरुस्तीची बिलं मंजूर करणाऱ्यांनीही हेच विचारावं. जनतेच्या पैशातून काम होतंय, मोजून व्हायला नको?

आणि पान्याच्या किमतीचं कारण तर सांगूच नका. साधा टॉर्क पाना साधारण एका नव्या टायरच्या पैशात येतो. वापर झाला की आकडा खाली उतरवून ठेवायचा, नट सोडवायला वापरायचा नाही, वर्षातून एकदा तपासून घ्यायचा. आयटीआयच्या पोरांना हा पाना दाखवलेला असतो. ती पोरं गॅरेजमध्ये लागली की पहिल्याच दिवशी त्यांना पाईप हातात दिला जातो. दोष पोरांचा नाही.

मी काय केलं? नवा स्टड टाकला, आणि आता चाक बसवताना समोर उभा राहतो. "टॉर्क पाना आहे का?" एवढंच विचारतो. पहिल्या दुकानात हसले. दुसऱ्या ठिकाणी मालकानं कपाटातून डबा काढला, धूळ झटकली आणि म्हणाला, "कोण विचारतच नाही हो."

तेव्हा विचारा. गिऱ्हाईक विचारेल तेव्हाच तो डबा कपाटाबाहेर येईल.