पदपथाचे लेखाशीर्ष

एप्रिल २०१३ मध्ये पश्चिम रेल्वेची उपनगरी गाडी विरार ओलांडून डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि वैतरणा, सफाळे, केळवे रोड ही स्थानके मुंबईच्या उपनगरी नकाशात दाखल झाली. नकाशात ती आली रुळांच्या वाटेने; रस्त्याच्या वाटेने नव्हे. फलाटावरून बाहेर पडलेला प्रवासी पहिल्या पावलालाच उपनगर सोडून खेड्यात शिरतो. या मार्गावरील बहुतेक स्थानकांबाहेरचे चित्र एकच आहे. रिक्षा, टेम्पो, मोटारसायकली, वळण घेण्यासाठी धडपडणारी एस. टी. आणि भाजी-मासळीच्या पाट्या यांच्यामधून जी फट उरेल ती पादचाऱ्याची. पावसाळ्यात तीही उरत नाही, कारण गटाराची कड आणि रस्त्याची कड यांतील फरक पाण्याखाली जातो.

सफाळ्याला हा प्रश्न अधिक तीव्रतेने जाणवावा अशी त्या गावाची रचना आहे. पश्चिमेला एडवण, कोरे, दातिवरे, उसरणी, मथाणे ही किनाऱ्यावरची गावे, पूर्वेला तांदुळवाडीच्या डोंगराच्या पायथ्याचे आदिवासी पाडे, मधून लोहमार्ग. बाजार, एस. टी. आगार, शाळा आणि स्थानक यांसाठी या सर्वांची वाट एकाच ठिकाणी येऊन मिळते. त्यातच फेब्रुवारी २०२५ मध्ये वैतरणेच्या खाडीवर विरारजवळचे मारंबळपाडा आणि सफाळ्याकडील जलसार यांच्या दरम्यान रो-रो सेवा सुरू झाली. सुमारे ६० किलोमीटरचा वळसा वाचला, ही गोष्ट उपकारक आहे यात शंका नाही. परंतु बोटीतून उतरलेली मोटार पुढे ज्या रस्त्याने जाते, तो रस्ता बैलगाडीच्या आणि पायी जाणाऱ्यांच्या काळात आखलेला आहे. खाडीवरच्या जेट्टीसाठी पैसा उभा राहिला. तिच्यामुळे वाढणाऱ्या रहदारीतून शाळकरी मुलीने कसे चालावे, हा विषय त्या योजनेच्या कक्षेत येत नव्हता.

मग तो कोणाच्या कक्षेत येतो? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले म्हणजे आपल्या स्थानिक वित्तव्यवस्थेचे खरे स्वरूप उघड होते. २०११ च्या जनगणनेने सफाळे स्थानकालगतच्या वस्तीची नोंद 'उंबरपाडा-नंदाडे' या नावाने जनगणना नगर म्हणून केली. लोकसंख्या, तिची घनता आणि शेतीबाहेरचे व्यवसाय या तीन कसोट्यांवर ती वस्ती शहर ठरली. कायद्याच्या कसोटीवर मात्र ती ग्रामपंचायतच होती. बोईसरसारखे तारापूरच्या कारखान्यांवर फुगलेले गावही त्या जनगणनेत याच दुहेरी अवस्थेत सापडले. शहराची गर्दी आणि खेड्याचा खजिना, असा हा संसार आहे.

या खजिन्यात येते काय? घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार फी, आणि वरून येणारी अनुदाने. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने पंचायतीला ज्या करांचा अधिकार दिला त्यात सायकलींवरील आणि जनावरांनी ओढल्या जाणाऱ्या गाड्यांवरील कराचा समावेश होता. मोटारवाहनांवरील कर मात्र राज्याचा, आणि पेट्रोल-डिझेलवरील रस्ते उपकर केंद्राचा. सायकलीच्या दांड्यावर नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला नसेल तर शिपाई सायकल अडवून ठेवत असे, ती आठवण महाराष्ट्रातल्या गावोगावच्या वृद्धांना आजही असेल. म्हणजे जो रस्त्याला काडीचीही झीज देत नाही त्याच्यावर कर बसविण्याची मुभा गावाला होती. जो रस्ता झिजवतो, अडवतो आणि हवा बिघडवतो त्याच्याकडून पैसा घेण्याची नव्हती. तो पैसा मुंबईला आणि दिल्लीला जातो, आणि तेथून परत येतो तो रुंदीकरणाच्या रूपाने. केंद्राच्या उपकराचे तर आणखी एक वैशिष्ट्य आहे. उपकर आणि अधिभार हे राज्यांशी वाटून घ्यावयाच्या करसंचयात धरले जात नाहीत. त्यामुळे वित्त आयोगाने कितीही उदार सूत्र सुचविले तरी हा भाग त्या सूत्राबाहेरच राहतो.

खर्चाची बाजू याहून वेगळी नाही. राज्याच्या अंदाजपत्रकात रस्ते व पूल यांची दोन लेखाशीर्षे आहेत: देखभालीचे ३०५४ आणि भांडवली कामांचे ५०५४. ग्रामीण भागातल्या कार्यकर्त्यालाही हे आकडे पाठ असतात, कारण आमदाराच्या पत्रापासून जिल्हा नियोजन समितीच्या इतिवृत्तापर्यंत त्यांचा जप चाललेला असतो. पादचाऱ्याच्या नावाचे लेखाशीर्ष मात्र नाही. पदपथ असतो तो रस्त्याच्या कामातील एक बाब म्हणून, आणि निधी कमी पडला की पहिली कात्री लागते ती त्या बाबीला. डांबराचा थर कमी केला तर ठेकेदाराची अडचण, पूल वगळला तर रस्ताच तुटतो. पदपथ वगळला तर कामात काही उणे राहिले असे कागदावर दिसतच नाही. राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, गटार ग्रामपंचायतीचे, स्थानकाबाहेरचे आवार रेल्वेचे. पादचारी या चारही मालकांच्या हद्दी पाच मिनिटांत ओलांडतो. त्याचे पालकत्व मात्र कोणीच घेत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले की, चालण्यायोग्य व अडथळामुक्त पदपथ हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, आणि अपंगांना तो वापरता आला पाहिजे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच प्रकरणात पुढचे आदेश निघाले. त्यांतील पदपथांच्या तपासणीचा आदेश प्रथम दहा लाखांहून अधिक वस्तीच्या ५० शहरांसाठी आहे. सुरुवात कोठून तरी करावी लागते हे खरे. पण सफाळ्यासारख्या गावांची पाळी केव्हा येणार? २०१४ च्या पथविक्रेता कायद्याची कथाही अशीच आहे. तो नागरी पथविक्रेत्यांसाठी आहे. मुंबईत पाटी घेऊन बसलेल्या बाईला त्या कायद्याचा निदान कागदी आधार आहे. तीच बाई संध्याकाळी आपल्या गावच्या स्थानकाबाहेर बसली तर तो आधार नाहीसा होतो.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. आता सायकल चालवतो कोण? घरटी मोटारसायकल आली आहे. मग सायकलमार्गाचा हट्ट ही शहरी हौस नव्हे काय? २०११ च्या जनगणनेने शेतीबाहेरच्या कामगारांना कामावर कसे जाता असे प्रथमच विचारले. देशभरातील अशा कामगारांपैकी सुमारे २३ टक्के पायी आणि १३ टक्के सायकलने जात होते. चारचाकीने जाणारे ३ टक्क्यांहूनही कमी होते. त्यानंतरच्या काळात सायकली कमी झाल्या असतील, तर त्याचे एक कारण सुबत्ता आहे आणि दुसरे भीती. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. ज्या रस्त्यावर सायकल चालविणे धोक्याचे, त्या रस्त्यावर सायकली दिसत नाहीत म्हणून सायकलमार्ग नको, हा युक्तिवाद पूल नसलेल्या नदीवरून कोणी जात नाही म्हणून पूल नको म्हणण्यासारखा आहे.

शिवाय हा प्रश्न स्त्रियांचा आहे, हे सोयीस्करपणे विसरले जाते. घरातली मोटारसायकल प्रायः पुरुषाची असते. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्यास आरंभ केला. मुरलीधरन आणि प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्या योजनेचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत योग्य वयात नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुला-मुलींमधील अंतर ४० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. महाराष्ट्रानेही मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली दिल्या. सायकल शिक्षणाच्या खर्चात बसते. ती चालवण्याची सुरक्षित कड मात्र कोणत्याच खर्चात बसत नाही.

याचा अर्थ कोठेही पट्टा आखून सायकलीचे चित्र काढावे असा नव्हे. तो प्रयोग महाराष्ट्राने करून पाहिला आहे. जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेच्या काळात पुण्यात सायकलमार्ग झाले. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या नगरात ते तुकड्यातुकड्यांनी झाले, मध्येच विजेच्या खांबाशी किंवा दुकानाच्या पायरीशी संपले. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा स्वीकारला, तरी तुटलेले तुकडे सांधले गेले नाहीत. वांद्रे-कुर्ला संकुलात प्राधिकरणाने बांधलेले मार्ग २०२५ मध्ये वाहनांना जागा हवी म्हणून काढून टाकण्याचा निर्णय त्याच प्राधिकरणाने घेतला. दोन्हीकडे पैसा होता. जे रोज सायकलने जातात त्यांना विचारणारी यंत्रणा नव्हती, आणि मार्ग सांभाळणे ही कोणाची तरी नोकरी आहे असे ठरलेले नव्हते.

सफाळ्यासारख्या ठिकाणी काय शक्य आहे हे फीत घेऊनच ठरवावे लागेल. बाजारातला रस्ता गटारांसह १२ मीटरचा आहे असे धरले, तर भारतीय रस्ते महासभेच्या मानकाप्रमाणे दोन्ही बाजूंना किमान १.८ मीटरचा मोकळा पदपथ, म्हणजे ३.६ मीटर, आणि दुपदरी वाहनमार्गाचे ७ मीटर वजा जाता १.४ मीटर उरतात. दोन मीटरचा स्वतंत्र सायकलमार्ग एका बाजूलाही त्यात मावत नाही. तेव्हा बाजारात सायकलीला वेगळा पट्टा देण्यापेक्षा वाहनांचा वेग ताशी ३० किलोमीटरवर आणणे, वाहने उभी करण्याची जागा स्थानकापासून दूर नेणे आणि उरलेल्या पट्टीत विक्रेत्यांना ओटे देणे हाच व्यवहार्य मार्ग. विक्रेत्यांना हाकलून मोकळा केलेला पदपथ महिन्याभरात मोटारसायकलींचा तळ होतो. पाट्यांची ओळ असली तर वाहन चढत नाही, आणि अंधार पडल्यावर बायकांना त्या वाटेने चालण्याचे भय वाटत नाही. बाजार संपल्यावर एडवण किंवा केळव्याच्या दिशेने रस्ता मोकळा होतो, वाहने वेग घेतात. तेथे मात्र साईडपट्टी मुरुमाने बुजवून न सोडता पक्की, उंच कडेची, सायकल आणि पायी माणूस दोघांना पुरेल अशी बांधली पाहिजे. कोलंबियाच्या बोगोटा शहरात १९९८ ते २००० या काळात महापौर असलेल्या एन्रिके पेन्यालोसा यांनी गरीब वस्तीत फरसबंद पादचारी व सायकलमार्ग बांधला, तेव्हा शेजारचा मोटारींचा रस्ता चिखलाचाच ठेवला होता. आपल्याकडे क्रम उलटा असतो.

पैशाचे काय? पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या मुदतीसाठी पंचायतींना दिलेल्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेशी बांधलेली होती, ४० टक्के मोकळी. गटारबांधणी स्वच्छतेत मोडते. गटारावर सिमेंटची भक्कम, सपाट झाकणे टाकली की तोच पदपथ होतो, हे एखाद्या जाणत्या ग्रामसेवकाला सांगावे लागत नाही. परंतु अशा युक्त्यांवर धोरण उभे राहत नाही. मोटारवाहन कराचा निश्चित हिस्सा ज्या पंचायतीच्या हद्दीतून रहदारी जाते तिला मिळाला पाहिजे, आणि ५०५४ मधील प्रत्येक वस्तीतून जाणाऱ्या कामात पदपथ वगळण्यास मनाई हवी. विशिष्ट कामासाठी विशिष्ट कर ही कल्पना या राज्याला नवीन नाही. १९७५ मध्ये शहरातल्या पगारदारांवर व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला तो ग्रामीण रोजगार हमीसाठी. शहराने खेड्यातल्या मजुराचा भार उचलावा हे तत्त्व ज्या विधिमंडळाने मान्य केले, त्याला मोटारीने पादचाऱ्याचा भार उचलावा हे अवघड वाटू नये.

पैसा नाही, हे उत्तर तर देण्याजोगेच राहिलेले नाही. जून २०२५ मध्ये पूर्ण झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर सुमारे ५५ हजार कोटी रुपये लागले. त्यावर पायी, सायकलने किंवा मोटारसायकलने जाण्यास बंदी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर मोटारींना पथकर माफ झाला. सोडलेले उत्पन्न सार्वजनिकच होते. मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले तेव्हा त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर फोमची गादी घातली. तिजोरी तेव्हा काही ओसंडत नव्हती. कोणता प्रवासी आधी, एवढेच त्यांनी ठरविले होते.

ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याचे बंधन कायद्यात आहे. सफाळे परिसरातील ग्रामपंचायतींनी स्थानकरस्त्याचा आराखडा प्रथम त्या सभेपुढे ठेवावा, ठराव जिल्हा नियोजन समितीकडे पाठवावा, आणि काम झाल्यावर मोजमाप पुस्तिका भरताना अभियंत्यासोबत सभेने निवडलेल्या दोन बायका उभ्या असाव्यात. पदपथाची रुंदी मोजायची ती विजेचा खांब, रोहित्राचा चौथरा आणि दुकानाची पायरी वजा करून. आणि ती १.८ मीटर भरली नाही तर ठेकेदाराचे अंतिम देयक निघू नये.