बंदूक पारखून घेता, मग गज का नाही?

भात पोटरीला आलं की राखणीचा विषय निघतोच. रात्री रानडुक्कर, दिवसा वानर आणि केल्डी. ज्यांच्याकडे पीक संरक्षणाची ठासणीची बंदूक आहे, त्यांच्या गप्पा परवान्याचं नूतनीकरण, दारू आणि टोप्या यांवर चालतात. गजाबद्दल मात्र कोणी बोलत नाही. मिळेल ती सळई कापायची आणि नळीखाली खोचायची, झालं काम.

माझं मत स्पष्ट आहे. ठासणीच्या बंदुकीत शेतकऱ्याच्या हाताला सगळ्यात जवळचा धोका गजाचा असतो. बार भरताना आपला पंजा भरलेल्या नळीच्या तोंडाशी असतो, आणि दर बाराला असतो. म्हणून बंदुकीइतकाच गज पारखून घ्यायला हवा.

आधी लाकडी गज. कुदळीला दांडा घालताना आपण काय बघतो? रेषा सरळ आहे का, गाठ आहे का. गजाला तोच नियम, फक्त दुप्पट कडक. लाकडाची रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ गेली पाहिजे. मध्येच ती बाजूला बाहेर पडली, तर गज तिथेच मोडणार. आणि तो आडवा मोडत नाही, तिरका मोडतो. भाल्यासारखं टोक तयार होतं, आणि आपण जोर लावून हात खाली आणत असतो. वाडीतल्या एकाच्या तळहातातून असं टोक आरपार गेलं. ऐन कापणीत तो महिनाभर विळा धरू शकला नाही.

अमेरिकेत ठासणीच्या रायफली वापरणारे हौशी शिकारी आजही हिकरी लाकडाचा गज वापरतात. तिथले जाणकार एकच सांगतात: करवतीने चिरलेला घेऊ नका, रेषेवर फोडून काढलेला घ्या. आपल्याकडे हिकरी नाही, पण नियम तोच लागू. भरीव चिवा किंवा माणगा वापरणारेही आहेत. पेरं घासून सपाट केलेलं असेल आणि काठी पूर्ण सुकलेली असेल, तर ती चालते. तरी दर पावसाळ्यानंतर वाकवून बघा. बारीक जरी आवाज आला, तरी ती चुलीत घाला.

आता लोखंडी. प्रशियाच्या सैन्याने १८व्या शतकाच्या सुरुवातीलाच लाकडी गज सोडून लोखंडी घेतला, कारण लढाईच्या घाईत लाकूड मोडायचं. मोडण्याच्या बाबतीत लोखंड चांगलंच. पण स्लॅबची, आटे असलेली सळई गज म्हणून वापरू नका. ती नळीचं तोंड आतून खरवडते, तिच्या खाचांत मळी बसते आणि बोळा अडकतो. गुळगुळीत, सरळ गोल सळई घ्या. गंज दिसला की पॉलिश पेपर मारा आणि तेलाचं फडकं फिरवा.

रायफलवाले नळीच्या तोंडाला फार जपतात. त्यांच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात, आणि तोंडाशी त्या झिजल्या की नेम गेला. म्हणून ते पितळी गज वापरतात किंवा गज मधोमध राहावा म्हणून तोंडावर पितळी टोपण बसवतात. आपली नळी आतून गुळगुळीत, त्यामुळे नेमाची तेवढी चिंता नाही. पण पितळी टोक आपल्यालाही हवं. ते मऊ असतं, आणि लोखंडावर लोखंड आपटून ठिणगी उडण्याची भीती राहत नाही. टोक नुसतं चिकटवलेलं नको, आरपार खिळा मारून बसवलेलं हवं. नाहीतर बोळा ओढून काढताना टोक आतच राहतं. टोकाचा घेर नळीपेक्षा थोडासाच कमी ठेवा. फार बारीक असेल, तर टोक बोळ्याच्या बाजूने घसरून अडकतं.

बोळा पूर्ण बसणं का महत्त्वाचं? दारू आणि बोळा यांच्यात पोकळी राहिली, तर नळी फुगू शकते, फुटूही शकते. इथे दोन खुणा उपयोगी पडतात. नळी रिकामी असल्याची खात्री करून गज आत सोडा आणि तोंडाशी एक खूण करा. मग नेहमीचा बार नीट ठासून दुसरी खूण करा. पहिली खूण तोंडाला लागली तर नळी रिकामी, दुसरी लागली तर बार भरलेला. दोन्हींच्या वर राहिली, तर बोळा अर्धवट अडकलाय. टोपी लावायचीच नाही. घरातली पोरं बंदुकीला हात लावतात, तिथे या दोन खुणांची किंमत वेगळी सांगायला नको.

निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदुका जमा कराव्या लागतात. परत घेताना गज आपलाच आहे का, ते बघा. दुसऱ्याच्या गजावरच्या खुणा आपल्या नळीला खोट्या ठरतात. भरलेली नळी रिकामी वाटू शकते.

लांबी. नळीखाली बसणारा गज साधारण नळीएवढाच असतो. ठासायला तो चालतो, पण साफसफाईला पकड मिळत नाही. म्हणून मी दोन ठेवतो. एक बंदुकीवर, दुसरा घरात, वीतभर जास्त लांब, चिंधी आणि बोळा काढायचा स्क्रू लावता येईल असा. काळ्या दारूची मळी हवेतला ओलावा ओढते. कोकणातल्या हवेत बंदूक रात्रभर तशीच ठेवली, तरी सकाळी गंज सुरू. आधी गरम पाण्याची चिंधी, मग कोरडी, मग तेल.

पकड. नळीच्या तोंडापासून वीतभर वर धरा आणि थोडं थोडं ढकला. पूर्ण लांबीवरून जोर लावला की गज वाकतो. तोंड आणि छाती नळीवर आणू नका. आत निखारा उरलेला असू शकतो, म्हणून दुसरा बार लगेच भरू नका. आणि गज बाहेर काढून जागेवर खोचल्याशिवाय टोपी लावू नका. नळीत राहिलेला गज बाणासारखा सुटतो, आणि नळी फुटण्याचा धोका वेगळाच.

काहीजण म्हणतील, एवढं कशाला, आम्ही नुसता आवाज काढायला बार टाकतो. पण नुसत्या आवाजाचा बारसुद्धा ठासावाच लागतो. शस्त्र कायदा, १९५९ मध्ये पीक संरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, पण तो परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. डुक्कर मारायचं तर वन विभागाची परवानगी लागतेच. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांची बंदूक वर्षभर आवाजच काढते. आवाजासाठी हात गमवावा, इतकं स्वस्त काही नाही.

बंदुकीची तपासणी होते तेव्हा नंबर बघतात, परवाना बघतात. गज आणि त्यावरच्या खुणाही बघाव्यात, असं मला वाटतं. दोन मिनिटांचं काम आहे. कृषी खात्यातली मंडळी शेतीशाळेत फवारणीचा मास्क कसा घालायचा ते दाखवतात, तसाच हा विषयही एकदा घ्यावा.

तुमच्याकडे गजाला कोणतं लाकूड वापरतात? किती वर्षं टिकतं? खाली लिहा, सगळ्यांच्या कामी येईल.