रस्त्यावरील शेजारधर्म



रविवारची मिस्सा आटोपली की देवळातून निघालेली सारी मंडळी एकदमच रस्त्यावर येतात. गावच्या रस्त्याला पदपथ नसतो. वृद्ध, लेकुरवाळ्या स्त्रिया आणि सायकलस्वार यांची वाट एकच. सायकल आवाज न करता येते, त्यामुळे पुढे चालणाऱ्यास तिची चाहूल लागत नाही.

ताशी १५ किलोमीटर वेगाची सायकल एका सेकंदात सुमारे ४ मीटर पुढे जाते. ब्रेक दाबण्याचे भान येईतोच एवढे अंतर सरते. म्हणून गर्दीत खाली उतरून सायकल हाती धरून चालावे. घंटा दुरूनच वाजवावी. अगदी पाठीशी वाजविली, तर वृद्ध मनुष्य दचकून नेमका आडवा येतो. रात्री दिवा असावा.

पादचाऱ्यांचेही कर्तव्य आहे. पदपथ नसेल तेथे समोरची वाहने दिसतील असे उजव्या कडेने चालावे. चौघांनी मिळून रस्ता अडवू नये.

२००७ साली व्हॅटिकनने वाहनचालकांसाठी दहा आज्ञा प्रसिद्ध केल्या. त्यांतील पहिली मनुष्यहत्येची मनाई करते. नववी, रस्त्यावर दुर्बळाचे रक्षण करा, असे सांगते. मोटारीपुढे सायकलस्वार दुर्बळ, सायकलीपुढे पादचारी. मोटारवाल्याने आपणांस सांभाळावे असे ज्यास वाटते, त्याने चालणाऱ्यास सांभाळलेच पाहिजे.

यरीहोच्या वाटेवर शोमरोनी थांबला, म्हणून जखमी वाचला. आपण वेळीच थांबलो, तर कोणी जखमी होणारच नाही.